अप्पांची मुलगी परदेशात शिकते

"तिथली भाषा तुम्हाला येत नाही," जाड चष्म्याचे प्राध्यापक समोरच्या कागदावरून नजर न काढता म्हणाले.

"नाही येत," सिस्टर म्हणाल्या.

"मग तिथं जाऊन चित्रपट कसा करणार? लोकांशी बोलणार कशा?"

सिस्टर खुर्चीत जराशा सावरून बसल्या. "सर, ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येतो ना, तेव्हा तो कुठल्याच भाषेत बोलत नाही. नुसता कण्हतो. त्याला पाणी हवंय, की कूस बदलायचीय, की आई हवीय, ते आपलं आपणच ओळखायचं असतं."

बोलून गेल्यावर त्यांनाच धास्ती वाटली. हे काही त्यांनी घरून ठरवून आणलं नव्हतं. उद्धटपणा तर झाला नाही ना? पण प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते हसले. "बरं, खरं बोलायचं झालं तर माझीही तिथली भाषा यथातथाच आहे. तिथं शिकायला गेलो होतो, तेव्हा पहिला महिनाभर मी खुणांवरच जेवत होतो."

चित्रपट शिकवणाऱ्या त्या संस्थेत सिस्टरना सगळे सिस्टरच म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या त्या एकट्याच विद्यार्थिनी. बाकीची मुलं त्यांच्या भाचरांच्या वयाची. कुणाला ताप आला, कुणाच्या पायात काच गेली, की आधी सिस्टरची पिशवी उघडली जायची. उमेदीची सारी वर्षं त्यांनी इस्पितळात नर्स म्हणून घालवली होती. तिथं एकदा नव्या नर्सेससाठी हात कसे धुवावेत याची छोटी फिल्म करायची निघाली. कुणीच पुढं येईना म्हणून ते झेंगट सिस्टरच्या गळ्यात पडलं. त्यांनी फोनवर नुसते हात टिपले. तरुण हात, थकलेले हात, अंगठी काढून ठेवणारे हात. ती फिल्म बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांसमोरच्या पडद्यावर लागायची. त्या नातेवाइकांत या संस्थेत संकलन शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी चौकशी करून सिस्टरना गाठलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकायला या." सिस्टरनी ते हसण्यावारी नेलं. पण वाक्य मनात घर करून राहिलं. शेवटी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्या खरोखरच गेल्या.

आता परदेशातल्या एका संस्थेशी देवाणघेवाण ठरली होती. तिकडचे दोन विद्यार्थी इकडे यायचे, इकडचे दोन तिकडे जायचे. चार महिने राहायचं, शिकायचं, आणि त्या अनोळखी गावात एक छोटा चित्रपट करायचा. सिस्टरनी अर्ज केला तो मुलांच्या आग्रहाखातर. निवड होईल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

झाली.

घरी सांगणं हे मुलाखतीपेक्षा अवघड होतं. सिस्टरचं लग्न फार टिकलं नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. तेव्हापासून त्या वडिलांपाशी राहत होत्या. अप्पा लिफ्टचे मेकॅनिक. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. रस्त्यानं चालताना ते इमारती दाखवायचे ते पत्त्यानं नव्हे, लिफ्टच्या स्वभावानं. ही कुरकुरी, ती रुसकी, ती पलीकडची मोठी समंजस. पण हल्ली अप्पा स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरायचे आणि मजला न आठवल्यामुळे तसेच उभे राहायचे. शेजारचं कुणी येऊन बटण दाबेपर्यंत. विचारलं तर म्हणायचे, "आवाज ऐकत होतो. मोटर जरा जड चाललीय."

सिस्टरचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. बातमी ऐकल्यावर तो उभाच राहिला.

"ताई, या वयात लोक नातवंडं सांभाळतात."

"मला नाहीत."

"अप्पा आहेत ना!"

भावजय चहाचे कप उचलायचं निमित्त करून आत गेली. सिस्टर मान खाली घालून टेबलावरचा एक डाग अंगठ्यानं घासत राहिल्या. तो जाणारा नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

"कुठं चाललीय ही?" खिडकीपाशी बसलेल्या अप्पांनी विचारलं.

"परदेशात," धाकटा म्हणाला. "सिनेमा शिकायला!" ऐकूनच अप्पा हिला ताळ्यावर आणतील अशी त्याची अटकळ असावी.

अप्पांनी थोडा विचार केला. "तिथं थंडी फार असते म्हणतात. कोट घ्यावा लागेल."

धाकट्यानं कपाळावर हात मारून घेतला. आतून भावजय हसत बाहेर आली. "जाऊ दे हो त्यांना. अप्पा आमच्याकडं राहतील. चार महिने काय, बघता बघता जातात." धाकटा तरी धुसफुसतच राहिला. निघायच्या दिवशी मात्र बॅग त्यानंच उचलली आणि चाकं बरी असूनही शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

परदेशातले पहिले दिवस सिस्टरना फार जड गेले. खोली उबदार होती, माणसं भली होती, पण दिवसभर कानावर पडणाऱ्या बोलण्यातलं ओ की ठो कळायचं नाही. वर्गात शेजारी बसणारा एक लांबोडा मुलगा मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. ते सिस्टरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीशी चांगलं जमायचं. कॅमेरा घेऊन त्या रोज बाहेर पडायच्या. पूल, झाडं, सायकलीवरून जाणाऱ्या बायका, असलं पुष्कळ काही टिपून आणायच्या. तिथल्या शिक्षिका पांढऱ्या आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फार लांब उभ्या आहात. लोकांची भीती वाटते?"

सिस्टरना हे लागलं. जन्मभर त्यांनी लोकांच्या जखमा धुतल्या होत्या. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना पटलं. इस्पितळात अंगावर गणवेश असायचा, तो घातला की कुणाच्याही जवळ जाता यायचं. इथं नुसताच कोट होता.

राहण्याच्या जागेमागं एक धुलाईघर होतं. इस्पितळांच्या चादरी तिथं यायच्या. सिस्टरनी त्या कडेच्या निळ्या पट्टीवरून ओळखल्या. तसल्या पट्ट्या सगळीकडे सारख्याच असतात की काय कोण जाणे. तिथं एक धिप्पाड बाई काम करायची. सोबतीण आजारी होती म्हणून ती एकटीच लांबलचक चादरींशी झुंजत होती. एक टोक हनुवटीखाली धरायचं, दुसरं सुटायचं. सिस्टर दारातून पाहत होत्या. मग त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला, आत गेल्या आणि सुटलेली टोकं उचलली. बाईनं एकदा पाहिलं, मान हलवली, आणि दोघी घड्या घालायला लागल्या. चादर ताणायची, झटकायची, टोकाला टोक लावायचं, पुढं यायचं. ढीग संपेपर्यंत एक शब्द बोलावा लागला नाही. शेवटी बाईनं मोठ्यानं काहीतरी म्हटलं आणि पाठीवर अशी थाप मारली, की सिस्टर दोन पावलं पुढं गेल्या.

दुसऱ्या दिवशीपासून त्या रोज जायला लागल्या. आठवडाभर कॅमेरा बाहेर काढलाच नाही. मग एक दिवस बाईनंच पिशवीकडं बोट दाखवून भुवया उडवल्या. काय आहे त्यात? सिस्टरनी दाखवलं. कॅमेरा स्टँडवर लावला, आणि दोघी कामाला लागल्या.

दर रविवारी फोनवर घरच्यांची तोंडं दिसायची. सुरुवातीला अप्पा उत्साहानं विचारायचे, "काय गं, तिथल्या लिफ्ट कशा आहेत?" सिस्टर सांगायच्या, "अप्पा, कुजबुजतसुद्धा नाहीत." अप्पांना ते संशयास्पद वाटायचं. मग मधले काही रविवार धाकटा एकटाच दिसायला लागला. "झोपलेत." "आत्ताच अंघोळीला गेले." "जरा कंटाळलेत, पुढच्या वेळी बोल." सिस्टर ऐकून घ्यायच्या. नातेवाईक असं बोलायला लागले की आत काय चाललेलं असतं, हे त्यांनी दाराच्या दुसऱ्या बाजूनं पुष्कळदा पाहिलं होतं.

"धाकट्या," एका रविवारी त्या म्हणाल्या, "खरं सांग."

त्याचा चेहरा पडला. "परवा हिला, म्हणजे तुझ्या वहिनीला, आई समजले. सारखं घरी जायचं म्हणतात. कुठल्या घरी ते सांगता येत नाही." मग म्हणाला, "ताई, तू ये असं मी म्हणणार नाही. पण येऊ नको असंही माझ्यानं म्हणवत नाही."

"अप्पांना दे."

अप्पा समोर आले. दाढी वाढलेली. त्यांनी पडद्याकडं निरखून पाहिलं. त्या दिवशी त्यांचं बरं होतं. "अगं, किती वाळलीस! जेवतेस की नाही?"

"जेवते. अप्पा, मी येऊ का परत?"

"झालं तुझं काम?"

"अजून नाही. अर्धं राहिलंय."

अप्पा चिडले. अगदी पूर्वीसारखे चिडले. "मग? लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकत ठेवून कुणी जेवायला जातं का?"

सिस्टर हसल्या. फोन ठेवल्यावर खोलीभर येरझाऱ्या घातल्या. विमानाचं तिकीट मिळतं का तेही पाहून ठेवलं. सकाळपर्यंत काही त्यांचं स्वतःशीच एकमत होईना. परत गेलं तरी अप्पांची विस्मृती थांबणार नव्हती, हे नर्सला कळत होतं. मुलीला कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी त्या कोट चढवून धुलाईघरात गेल्या. त्या दिवशी त्यांच्याकडून टोकं जुळेनात. बाईनं दोनदा वाट पाहिली, मग चादर बाजूला ठेवली, स्टूल ओढलं, सिस्टरना बसवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिली. यंत्रं घरघरत होती. बऱ्याच वेळानं सिस्टर उठल्या आणि पुढची चादर उचलली.

त्या राहिल्या.

चित्रपट पुरा झाला. संस्थेच्या छोट्या सभागृहात दाखवला गेला. धुलाईघरवाली बाई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती, आणि स्वतःला पडद्यावर पाहून इतकी मोठ्यानं हसली की बाकीचेही हसले. पांढऱ्या केसांच्या शिक्षिका नंतर एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक घडीला तुम्ही दोघी एकमेकींच्या जवळ येता. आता तुम्ही लांब नाही." निरोप देताना लांबोड्या मुलाचे डोळे भरून आले. सिस्टरनी त्याला रुमाल दिला आणि रोज सकाळी काहीतरी पोटात ढकलत जा म्हणून बजावलं.

विमानतळावर धाकटा घ्यायला आला होता. गाडीत बराच वेळ तो रस्त्याबद्दल बोलत होता. मग म्हणाला, "ताई, एक सांगायचंय."

"माहितीय मला."

"नाही, म्हणजे अप्पा आता..."

"माहितीय रे."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ज्यानं जाऊ नको म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, तोच चार महिने अप्पांना उठवत, बसवत, भरवत होता, आणि फोनवर झोपलेत म्हणून सांगत होता. सिस्टरनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. वाजवू दिला.

अप्पा दुपारच्या उन्हात गॅलरीत बसले होते. सिस्टर समोर जाऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, आदरानं थोडे सरळ बसले.

"नवीन आलात वाटतं?"

सिस्टरनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "हो," त्या म्हणाल्या. "आजच आले."

"आधीच्या बाई बऱ्या होत्या. पण हात फार गार त्यांचे."

सिस्टरनी आपले हात एकमेकांवर चोळले आणि मग त्यांचा हात हातात घेतला. नखं वाढली होती. त्यांनी आतून नेलकटर आणलं, खाली कागद पसरला आणि पुढ्यात बसल्या.

"माझी मुलगी परदेशात असते," अप्पा म्हणाले. "शिकते."

"हो का? काय शिकते?"

"सिनेमा. हसू नका."

"नाही हसत."

"लहान नाही हं ती. चांगली पन्नाशीची आहे. सगळ्यांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, जाऊ दे. जन्मभर परक्यांच्या उशाशी बसली. आमच्याही उशाशी बसली. कधी म्हणाली नाही मला अमुक हवंय. पहिल्यांदाच म्हणाली."

सिस्टरनी अंगठ्याचं नख कापलं. मग पहिल्या बोटाचं.

"आठवण येते तुम्हाला तिची?"

"येते की. न यायला काय झालं?" अप्पा एकदम पुढं झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण तिला कळवू नका बरं का. लगेच निघून येईल. तसलीच आहे ती."

"नाही कळवत."

"शपथ?"

"शपथ."

अप्पांचं समाधान झालं. ते ऊन पाहत बसले. दारात धाकटा येऊन उभा होता. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं, तशी सिस्टरनी मान हलवून त्याला थांबवलं. करंगळी संपली. त्यांनी बोटांच्या कडा एकेक करून चाचपून पाहिल्या, कुठं टोचत नाही ना याची खात्री करून घेतली.

"आता तो हात द्या," त्या म्हणाल्या.

अप्पांनी निमूटपणे दुसरा हात पुढं केला.