ठकीचा बोलका टॅब्लेट

ठकी पाच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण टॅब्लेटवर तिची बडबड थांबायची नाही. चित्रावर बोट ठेवलं की आतून आवाज यायचा, "पाणी हवं," "दार लाव," "बाबा वाईट." आवाज आईचा. पंखा बंद करून, घामाघूम होत तिनं एकेक शब्द भरला होता.

घरात मात्र पक्ष दोन. ठकीचे बाबा एका ऑपरेटिंग सिस्टीमचे भक्त, तर काका दुसरीच्या कंपनीत विक्रीला. जेवायला बसले की जुंपलीच.

"दादा, तुमची सिस्टीम शेवटचे श्वास घेतेय. पुढे टॅब्लेट काय नि लॅपटॉप काय, सगळीकडे आम्हीच!"

"दरवर्षी हेच दळण दळतोस."

यंदा बाबांच्या लाडक्या कंपनीनंच हात वर केले. यापुढे अपडेट बंद. बाबा दोन दिवस फुरंगटले आणि तिसऱ्या दिवशी, ठकीची आई आंघोळीला गेलेली बघून, भावाबरोबर जाऊन टॅब्लेट बदलूनच आले.

"सरप्राइज! एकही चित्र सुटलं नाही बघ."

ठकीनं पेल्यावर बोट ठेवलं. पेला मोठा झाला. पुन्हा ठेवलं. लहान झाला.

"आवाज कुठाय?" आईनं टॅब्लेट दिरापुढे धरला.

दीर स्क्रीनवर बराच वेळ शोधत राहिला. "वहिनी, ते बोलणारं अ‍ॅप आमच्याकडे नाहीये. छोटी कंपनी, दोन्हीकडे कुठून बनवणार? पण येईल. आता सगळ्यांना इकडेच यायचंय."

"आणि जुना टॅब्लेट?"

"तो काउंटरवरच जमा करून घेतात आणि आतलं सगळं पुसून टाकतात."

"मग अ‍ॅप येईपर्यंत हिनं तहान धरून ठेवायची का, भावजी?"

"त्या निमित्तानं तोंडानं बोलायला लागेल," नवरा म्हणाला. तिनं नुसतं बघितलं, तसा तो भावावर घसरला. "तूच म्हणालास, सगळं येतं!"

"फोटो येतात म्हणालो! तुमच्याच सिस्टीमला धड काही बाहेर देता येत नाही."

"आमच्या सिस्टीमला नावं ठेवू नकोस!"

मेलेल्या सिस्टीमची बाजू घेऊन नवरा तावातावानं भांडत होता. ठकी पेला दाबतच होती. आई लेकीशेजारी खाली बसली आणि, शब्द भरताना काढला होता अगदी तसाच आवाज काढून, म्हणाली, "पाणी हवं."

ठकीनं तिच्या तोंडावर तळहात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट पुन्हा पेल्यावर ठेवलं.