फिट्टंफाट

झहावा आणि रहमीम यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकानेही मत दिलं नव्हतं. आळस म्हणून नव्हे. राजकारणावर सुरू झाले की समोरचा चहा गार व्हायचा, तरी दोघं थांबत नसत. झहावा शांततेची. शेजाऱ्यांशी बोला, काही द्या, काही घ्या, असं तिचं म्हणणं. रहमीम सुरक्षेचा. आधी कुंपण, मग गप्पा. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत त्यांच्या लक्षात आलं, की तिचं मत त्याच्या मताला खातं आणि त्याचं तिच्या. मग उन्हात रांग कशाला लावायची? दोघांनी घरी बसायचं, फिट्टंफाट. असा करार या देशात पुष्कळ जोडपी करतात. पाळतात किती, ते विचारू नये.

हे दोघं पाळत, कारण एकमेकांवर पहारा ठेवत. मतदानाच्या दिवशी सुट्टी. सकाळीच अंगणात शेगडी पेटायची. रहमीम पुठ्ठ्याने निखाऱ्यांना वारा घालायचा, झहावा सळयांना मांसाचे तुकडे लावायची, आणि एकाने फाटकाकडे नुसतं पाहिलं तरी दुसरा विचारायचा, "कुठे?" अलीकडे निवडणुका इतक्या वरचेवर होत होत्या, की शेगडीला गंज चढायला सवड मिळत नव्हती.

या खेपेला मात्र घोळ झाला. त्यांची मुलगी ओर्ली निवडणुकीला उभी राहिली. ती हैफा शहरातल्या इस्पितळात नर्स होती. तिथल्याच काही यहुदी आणि अरब डॉक्टरांनी मिळून एक चिमुकला पक्ष काढला होता, शांततेची बोलणी पुन्हा सुरू करा म्हणणारा, आणि त्याच्या उमेदवारांत ओर्लीचं नाव होतं. ती ही बातमी सांगायला आली, तेव्हा दर शुक्रवारी रात्री होणारं घरचं एकत्र जेवण चाललं होतं. रहमीम घास गिळून म्हणाला, "तुमच्या शांततेची किंमत योताम मोजतोय." योताम तिचा धाकटा भाऊ. राखीव सैनिक म्हणून बोलावणं आलं होतं आणि तो उत्तर सीमेवर होता. ओर्ली भरल्या ताटावरून उठली, ती त्यानंतर शुक्रवारी आलीच नाही. आईला फोन करायची, पण बाबांचं नाव काढायची नाही. रहमीमही तिचं नाव काढत नव्हता. फक्त दर शुक्रवारी तिची खुर्ची टेबलाला लावायचा आणि झहावाने पाहिलं की म्हणायचा, "चुकून लावली."

झहावाने मनाशी ठरवून टाकलं. करार गेला खड्ड्यात. पोरीला निदान आईचं मत तरी मिळालंच पाहिजे.

"पाव कमी पडणार," मतदानाच्या दिवशी ती म्हणाली. "दुकानातून घेऊन येते."

"जा की," रहमीम म्हणाला. त्याने "कुठे?" विचारलं नाही. एरवी झहावाला हे खटकलं असतं, पण चोरी करायला निघालेल्याला पहारेकरी झोपलेला दिसला तर तो कारण विचारत बसत नाही.

ती दुकानावरून सरळ पुढे गेली. गावात एकच मतपेटी, वाचनालयात. मागच्या गल्लीने वळसा घालून ती दाराशी पोचली, तर समोरच्या गल्लीतून रहमीम येत होता. हातात अजून पुठ्ठा होता.

"पाव इथे मिळतो वाटतं?" तो म्हणाला.

"आणि कोळसा?"

"मी तुला अडवायला आलोय."

"समोरच्या गल्लीतून? चोर तो चोर, वर शिरजोर!"

मतपेटीवर बसलेला शाब्ताय आतून बाहेर आला. गावातली कुठलीही बातमी आधी त्याच्याकडे जायची आणि मग घडायची. "अरे वा! नवरा-नवरी आली! चाळीस वर्षांनी मुहूर्त लागला का?"

"तू गप रे," दोघं एकदमच म्हणाले.

भांडण रस्त्यावर करण्यात अर्थ नव्हता. "असं करू," झहावा म्हणाली, "दोघंही देऊ. तू तुझ्याकडे, मी माझ्याकडे. हिशेब तोच."

"तोच," रहमीम म्हणाला आणि बुटांकडे पाहू लागला.

आधी झहावा गेली. ओळखपत्र दिलं, पाकीट घेतलं आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिरली. पुढे ताटात सगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या मांडलेल्या. हवी ती उचलायची, पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. ओर्लीच्या पक्षाची चिठ्ठी तिने लगेच उचलली. आणि तिला योतामचा आवाज आठवला. आदल्या दिवशी फोनवर तो नुसतं म्हणाला होता, "सगळं ठीक आहे, आई." योताम बडबड्या पोरगा. तो एवढंच बोलला, म्हणून रात्रभर ती फोन उशाशी घेऊन जागी होती. ती आडोशामागे इतका वेळ उभी राहिली, की शाब्ताय खाकरला. मग तिने हातातली चिठ्ठी परत ठेवली आणि रहमीमच्या पक्षाची उचलली. तिला स्वतःची लाज वाटली, लेकीची माफी मागावीशी वाटली, पण हात मागे आला नाही. बाहेर आल्यावर ती रहमीमला म्हणाली, "जा, तुझा नंबर," आणि खरोखरच पाव आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्लीचा फोन आला. पक्ष आपटला होता. संसदेत शिरायला लागतात त्याच्या निम्मीसुद्धा मतं पडली नव्हती.

"पण आई, आपल्या गावच्या पेटीत एक मत निघालं," ओर्ली म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "अख्ख्या गावात एकच. शाब्तायकाका कालपासून शोध घेतोय म्हणे. मला शोधायची गरज नाही. आई, तू माझ्यासाठी करार मोडलास."

झहावा बोलायला गेली आणि थांबली. ओट्याशी रहमीम काकडी चिरत होता. पाठ तिच्याकडे होती, सुरी थांबली होती, आणि कान लालबुंद झाले होते.

गप्प बसणं सोपं होतं. लेकीच्या नजरेत ती जन्मभर देवमाणूस राहिली असती, आणि रहमीम मेला तरी बोलला नसता.

"ते मत माझं नव्हतं," ती म्हणाली.

"मग कोणाचं?"

"अगं, या घरात मतदार किती? थांब, देते."

रहमीमने ओले हात विजारीला पुसले, फोन घेतला आणि एकदम ओरडला, "हे बघ, तुझा पक्ष म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे! त्याला मी मत देणार नाही, कधीच देणार नाही. मी तुला दिलं. कळलं?" पलीकडून जे आलं ते ऐकता ऐकता त्याने डोळे पुसले. "कांदा चिरतोय," तो म्हणाला. "बरं, ये शुक्रवारी. आणि त्या डॉक्टरांनाही आण. त्यांना दोन गोष्टी सुनवायच्यात मला."

फोन ठेवून तो हसत वळला, आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "एकच मत निघालं. मग तू कोणाला दिलंस?"

"तुझ्या लोकांना."

चाळीस वर्षं तो हिला आपल्या बाजूला ओढत होता. ती आली, तर त्याने नाचायला हवं होतं. तो खुर्ची ओढून खाली बसला.

"का?"

"योताम तिकडे आहे, रहमीम. मला भीती वाटली."

"ती मला रोजच वाटते," तो म्हणाला. "पण तू नको ना, बाई. सगळं नीट होईल, पोरगा घरी येईल, एक दिवस बोलणीही होतील, हे मला रोज भांडून भांडून सांगणारी तू. तू माझ्या बाजूला आलीस, तर ते मला सांगणार कोण?"