केनेथ आत राहिला

सातवीला विज्ञान शिकवायला लागून मला सहा महिने झाले होते, आणि माझ्या वर्गातला सगळ्यात शहाणा विद्यार्थी एक बटाटा होता.

त्याचं नाव केनेथ. निरीक्षणाच्या धड्यासाठी आणलेल्या पोतंभर बटाट्यांतून तो एकटाच उरला. खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावरून पोरांची रोज मारामारी व्हायची, म्हणून मी केनेथला तिथे बसवलं आणि हजेरीपटावर त्याचं नाव घातलं. मारामारी थांबली. पोरं आळीपाळीने त्याचा गृहपाठ लिहू लागली. नाताळपर्यंत तो गुणांत टकर नावाच्या पोराच्या पुढे गेला. टकरने त्याच्याकडे शिकवणी लावली.

फेब्रुवारीत उपमुख्याध्यापिका ओव्हरबी मॅडम वही घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या. "हॉगनसर, ही शेवटची तपासणी. पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं की नाही, ते आज ठरणार."

दहाव्या मिनिटाला आगीची घंटा वाजली. खरी आग नव्हती, सरावाची कवायत होती. अमेरिकेच्या थंडगार उत्तरेतल्या आमच्या डुलुथ गावात ती नेमकी नाकातलं पाणी गोठतं त्याच दिवशी होते.

मैदानात रांग लावायची, डोकी मोजायची. सगळे असले तर हिरवं कार्ड वर, कोणी राहिलं तर लाल. लाल दिसलं की तो सापडेपर्यंत अख्खी शाळा बाहेर.

सव्वीस डोकी भरली. मी हिरवं कार्ड उचलणार, तेवढ्यात माझी बाही कोणीतरी ओढली. ती पा हुआ होती. ही मुलगी सप्टेंबरपासून वर्गात चकार शब्द बोलली नव्हती.

"सर, केनेथ आत राहिला."

"अगं, केनेथ बटाटा आहे."

"म्हणून काय भाजू द्यायचा?" टकर ओरडला.

"तुम्हीच म्हणाला होतात," पा हुआ म्हणाली, "पटावर ज्याचं नाव, तो माझी जबाबदारी."

म्हणालो होतो. इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत असेल असं वाटलं नव्हतं.

समोर सहाशे पोरं एका पायावर नाचत होती. पलीकडे मॅडमचं पेन तयार होतं. हिरव्या कार्डाने नोकरी वाचली असती. सव्वीस जण माझ्या हाताकडे बघत होते.

मी लाल कार्ड वर केलं.

मॅडम बर्फातून जवळजवळ धावत आल्या. "कोण राहिलं?"

"केनेथ," पा हुआ खणखणीत आवाजात म्हणाली. "खोली एकशे चौदा, खिडकीपाशी. त्याला चालता येत नाही. बटाटा आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पट पुढे केला. सत्ताविसावं नाव, पटावर आल्यापासून एकही गैरहजेरी नाही. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग कवायतीला आलेल्या अग्निशमनवाल्याकडे वळून म्हणाल्या, "एक विद्यार्थी आत आहे. लहानखुरा आहे."

तो दाढीवाला गडी चेहऱ्यावरची रेषही न हलवता आत गेला आणि केनेथला हातमोज्यात घेऊन बाहेर आला. अख्ख्या मैदानाने आरोळी ठोकली. टकरने कोंब मोजले. सगळे शाबूत.

दुपारी मॅडम वर्गात आल्या आणि सगळ्यांसमोर अहवाल वाचू लागल्या. "हजेरी अचूक. शिक्षक बोलतात ते मुलं लक्षात ठेवतात, दुर्दैवाने सगळंच. पुढच्या वर्षी ठेवावं."

मी खुर्चीवर बसलो.

"एकच गोष्ट," मॅडम दारातून वळल्या. "या केनेथच्या घरून एकाही कागदावर सही आलेली नाही. सोमवारपर्यंत पालक कोण ते कळवा."

सत्तावीस जणांच्या वर्गात सव्वीस हात वर गेले. सगळ्यात आधी पा हुआचा.