मेरेवरचं शेरवड

धाकट्या लेकीचं, जानकीचं, बारसं झालं त्याच अठ्ठावन्न साली, हरतालिकेच्या सकाळी, सत्यवती उपाशीपोटी ओटी सारवत होती आणि परड्यात दोन भावांचा आवाज चढत होता. तिचा नवरा दत्ताराम आणि धाकटा दीर बाबली. आषाढात चुली वेगळ्या झाल्या होत्या. आता बाबलीने मूर्तीही वेगळी सांगितली होती. गणपती दोन झाले की घर कायमचं फुटलं, एवढं सत्यवतीला कळत होतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून बाबली तिच्या कडेवर वाढला होता.

गणपतीवर टांगायच्या माटवीला, त्या लाकडी चौकटीला, रानातलं काय काय बांधतात; पण त्या घरात पहिला टाळ, पानांची पहिली डहाळी, मेरेवरच्या, म्हणजे परड्याच्या बांधावरच्या शेरवडाचाच लागे. हिरव्यात पांढरी पानं फुटणारं झुडूप. ते एकच होतं.

ती शेणाच्या हातांनीच धावली.

"कोयतो खाली ठेव, बाबल्या! झाड तुझ्या बापाशीचा काय रे?" दत्ताराम ओरडत होता.

"तुझो नि माझो बापूस येकच, इसारलंस?" बाबली हसला. "माका माझी माटवी बांधूची आसा."

"आयक माझा," सत्यवती म्हणाली. "पयलो टाळ तूच बांध. पण आमच्याच माटवेक."

"तू मधी पडा नको गो वयनी. तुझ्या घोवाक झाड होया, भाऊस नको."

असं म्हणून बाबलीने टाळ तोडायचा तो बुंध्यावरच घाव घातला. "घे! आता कोणाकच नको!"

शेरवड आडवं झालं. दत्ताराम झेपावला. सत्यवती मध्ये शिरली, तिला त्याने चिखलात ढकललं, कोयता हिसकावला आणि बाबलीच्या मानेवर घातला. मग पुन्हा घातला. पांढऱ्या पानांवर रक्ताची चिळकांडी उडाली. सत्यवतीने पदराचा बोळा जखमेत कोंबला. तो भिजला, निथळला. "वयनी," एवढंच बाबली म्हणाला.

दत्ताराम वाकून टाळ वेचू लागला. "माटवी बांधूक होयी," तो पुटपुटत होता.

"खंयची माटवी?" ती किंचाळली. "भावाक मारल्यात! सुतक पडला तुमका. उद्या गणपती खंयचो?"

दत्ताराम होता तिथेच बसला.

चतुर्थीला वाडीत आरत्या घुमल्या. मूर्तिकाराच्या पडवीत सगळे पाट रिकामे झाले. दोन मूर्ती तेवढ्या शेजारी शेजारी राहिल्या.

बाबली १९५८ साली हरतालिकेला मेला. दत्ताराम १९६३ च्या शिमग्यात, तुरुंगात मेला.