बापाचं नाक

चार दिवस तापाने फणफणलेला लेक फिलिस्कस आज पहिल्यांदा शांत झोपला आणि निकारेतीने भिंतीला पाठ टेकली. टेकली न टेकली तोच तिची नजर नवऱ्याच्या पाटावर गेली. राजाच्या नव्या नाण्याचा ठसा कोरून झाला होता आणि तो कसा उठतो हे पाहायला त्याने ओल्या मातीवर दाबून उचलला होता.

मातीत तिचा मुलगा उमटला होता. तेच गोबरे गाल, तोच पुढे आलेला ओठ. डोक्याला फक्त राजे बांधतात ती पट्टी.

"अहो, हे काय करून बसलात?"

थेओदोतस डोळे चोळत होता. "नऊ वर्षांचा राजा, राजधानी महिन्याच्या वाटेवर. मी कुठं पाहिलंय त्याला? तिकडून पत्र आलं, राजा सुंदर आहे म्हणून. आता सुंदर पोर म्हटल्यावर मी कुणाकडं बघू?"

निकारेती आपल्या छातीवर तीनदा थुंकली, दृष्ट लागू नये म्हणून. "चांदीच्या आत तांबं आहे का बघायला सराफ नाण्यावरच्या गालावर छिन्नी घालतात. डोळ्यांनी पाहिलंय मी. माझ्या लेकराच्या गालावर? आणि असले पोरवयाचे राजे टिकतात किती?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"गाल कमी करा."

"अगं, ठसा म्हणजे खड्डा. खोदलेलं भरून येत नाही. आणखी खोदून नाण्यावर वाढवता येतं, कमी नाही करता येत."

"मग दुसरा करा."

"कारभारी येतोच आहे बघायला. आणि खरं सांगू? डोळ्यांपुढं नुसत्या ठिणग्या नाचतात. दुसरा नाही व्हायचा माझ्याच्यानं."

टांकसाळीचा कारभारी पामेनीस धापा टाकत आला. मातीकडे बघून खूश झाला. "वा! राजबिंडं पोर! उद्यापासून चांदी ठोकायला घेऊ."

परपुरुषासमोर बाईने यायचं नसतं. तरी निकारेती पाण्यात कालवलेला द्राक्षारस घेऊन पुढे आली.

"कारभारी, थोरल्या राजांचं नाक हो केवढं! नाण्यावर कसं घारीच्या चोचीसारखं दिसतं. याचं अगदीच बसकं. लोक काय, काहीही बोलतात. म्हणतील, हा त्यांचाच ना?"

"बाई, तोंड आवर!" पामेनीसने दाराकडे पाहिलं. मग मातीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "थेओदोतस, नाक कुठाय याचं? तुला घरादारासकट बुडायचंय का? बापाचं नाक लाव. उद्या दुपारपर्यंत!"

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. थेओदोतसने छिन्नी उचलली.

"जन्मातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

संध्याकाळी नवी छाप उमटली. कोवळ्या तोंडावर म्हाताऱ्याचं नाक, ओठावर वाकलेलं. हसू यावं असं ध्यान. हा फिलिस्कस नव्हता. बहुधा तो राजाही नव्हता.

"झालं समाधान?" थेओदोतस ओल्या फडक्याने डोळे झाकून आडवा झाला.

"झालं."

गाल तसेच होते. ते कुणाचे, हे तिच्याशिवाय आता कुणी ओळखलं नसतं. पण सराफाची छिन्नी बसायची ती तिथेच. बोलायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून फिलिस्कसने पाणी मागितलं. ती भिंतीला धरून उठली.