पेजेचा टोप

मी एक जुना टोप आहे. जर्मनचा. ॲल्युमिनियमला आमच्या लालबाग-परळकडे जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका, मी टोप आहे, मास्तर नाही. माझ्या अंगावर सात पोचे आहेत आणि एक कडी सैल झाली आहे. मित्रांनो, तुम्ही छत्रीचं, फळ्याचं, पडक्या विहिरीचं आत्मवृत्त वाचलं असेल. ती शेवटी गोड होतात. माझं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लवू परबांनी गिरणीतल्या पहिल्या बोनसातून मला लालबागच्या भांडीवाल्याकडून घेतलं. बरोबर त्यांची बायको सुभद्रा होती. तिने मला टिचकी मारून पाहिलं, उजेडाला धरून भोक नाही ना ते पाहिलं आणि काठावर नाव घालून घेतलं, 'सौ. सुभद्रा ल. परब, शिवडी'. त्या ठोकाठोकीने अंग दुखलं, पण ऐटही वाटली. दुसऱ्या दिवसापासून शिवडीच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत रोज सकाळी माझ्यात पेज शिजू लागली. गावाहून आलेला उकडा तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा, मीठ घालायचं, झाली पेज. सोबत भाजलेला सुका बांगडा, नाहीतर लोणच्याची फोड. गरिबाचंच खाणं ते. पण त्याच्यावर माणसं गिरणीत आठ-आठ तास साच्यावर, म्हणजे यंत्रावर, उभी राहायची.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा चाळीतल्या निम्म्या शेगड्या थंड पडल्या. सुभद्रेने गावाहून पोतंभर तांदूळ मागवला आणि मला चढवलं. हातात पळी घेऊन ती एकेकाला विचारायची, "तुका घट व्हयी काय पातळ?" शेजारची साताऱ्याकडची मंडळी पेज बघून नाक मुरडायची. ती रागावली नाही. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी थापायला शिकली. तिच्याकडे देण्यासारखं फार नव्हतं, पण विचारायला तोंड होतं. माझ्या आयुष्यातले मानाचे दिवस तेच.

पुढे सुभद्रा गेली, मुलगाही गेला. घरात उरले चौऱ्याऐंशी वर्षांचे लवू आजोबा, त्यांची सून लक्ष्मी आणि मी. कुकर आला, स्टीलची भांडी आली, मी मोरीकडच्या फळीवर गेलो. पण आजोबांना दात नव्हते आणि पोट नाजूक झालं होतं, म्हणून त्यांची पेज तेवढी माझ्यातच व्हायची.

गेल्या मे महिन्यात चाळीचा जिना कोसळला. कुणाला लागलं नाही, पण पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "दहा मिनिटांत काय घ्यायचं ते घ्या." लक्ष्मीने माझ्यात रेशनकार्ड कोंबलं, आजोबांची औषधं कोंबली, आणि वर उकड्या तांदळाचं गाठोडं ठेवलं. तशी मला काखोटीला मारून ती परळच्या एका सुट्टी पडलेल्या शाळेत आली. चाळीतली चाळीस बिऱ्हाडं तिथे वर्गावर्गांतून विभागली गेली.

संध्याकाळी एक संस्था मदतीला धावली. दादर-प्रभादेवीकडची शिकलेली, चांगल्या घरची मुलं. त्यांची पुढारी प्रिती. संस्थेचा आचारी कोंडीराम याने शाळेच्या पटांगणात तीन मोठ्या शेगड्या मांडल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक डबा आला. आत ओट्सची खिचडी, सोयाबीनचे गोळे, वर किंचित गूळ. आहारतज्ज्ञाने ठरवलेला मेनू होता म्हणे. डब्यावर संस्थेचं नाव मात्र ठसठशीत होतं.

आजोबांनी एक घास घेतला आणि डबा बाजूला ठेवला. "ह्या माझ्या घशाखाली जाणा नाय गे. माका वायच पेज दी."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. लक्ष्मीचे नातेवाईक सगळे विरार-नालासोपाऱ्याला पांगलेले, आणि बाहेरचं अन्न आत आणायला शाळेच्या फाटकावर बंदी होती. चौथ्या दिवशी तिने गाठोडं सोडलं, मला धुऊन पुसून पोटाशी धरलं आणि पटांगणात गेली.

"मॅडम, बाजूची शेगडी रिकामी आहे. अर्धा-पाऊण तास वापरू देता का? सासऱ्यांना पेज करते. तांदूळ माझाच आहे."

कोंडीरामने वाकून माझा वास घेतला. "ह्याच्यात मासळी शिजलीये. आपलं किचन शाकाहारी आहे, मॅडम."

खरं होतं ते. सुभद्रेची माशांची तिखलं माझ्या कडांत मुरली आहेत, घासून जायची नाहीत. त्याची लाज वाटण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

प्रिती वाईट मुलगी नव्हती. ती समजुतीने बोलली. "काकू, आज तुम्हाला दिली तर उद्या चाळीस जण मागतील. आणि नुसत्या भाताच्या पाण्यात काय न्यूट्रिशन असतं? आमच्या खिचडीत सगळं आहे. आजोबांना जरा सवय लावा ना."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला सवय लावा! मी रिकामाच परत आलो.

त्याच संध्याकाळी संस्थेतल्या सौमित्रने कचऱ्याच्या पिंपातल्या उरलेल्या डब्यांचा व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. शेजारच्या रुपालीने तो फोनवर लावला आणि खाली लोकांनी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. फुकटचं मिळालं की माज येतो. धर्माच्या गाईचे दात कसले मोजता? ह्यांना दोन दिवस उपाशी ठेवा. लक्ष्मी तिला खुणेने गप्प करत होती, पण आजोबांना ऐकू चांगलं यायचं.

ते उठून बसले. "हाड गे तो डबो हकडे. आमी माजोरी नाय."

त्यांनी ती खिचडी सगळी खाल्ली. डबा पुसून खाल्ला, आणि रिकामा डबा पटांगणातल्या लोकांना दिसेल असा दारात ठेवायला लावला. तासाभरात सगळं उलटून पडलं. लक्ष्मीने त्यांचं तोंड पुसलं, फरशी पुसली, आणि माझ्या कडीला धरून भिंतीकडे तोंड करून रडली. मला हुंदके कळत होते, माझी सैल कडी वाजत होती.

त्यानंतर आजोबांनी तोंडात काही घेतलं नाही. आठव्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात नेलं, नवव्या दिवशी ते गेले. मित्रांनो, खिचडी खाऊन किंवा न खाऊन कुणी मरत नाही म्हणतात. वय झालं होतं, घर सुटलं होतं, डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. मी कुणावर खोटा आळ घेणार नाही. पण त्या पोटात शेवटी काय गेलं आणि काय गेलं नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तेराव्याला आम्ही शाळेतच होतो. प्रिती भेटायला आली, तिचे डोळे खरोखर भरले होते. ती म्हणाली, "काकू, आज पान ठेवायचं असतं ना? आपली शेगडी घ्या. कोंडीराम, ह्यांना गॅस लावून दे, आणि आज काही बोलू नकोस." मग लक्ष्मीजवळ बसून तिने हळूच विचारलं, "काय आवडायचं हो आजोबांना?"

लक्ष्मीने मला पुढे ओढलं.

"पेज."

"ती कशी करतात?"

"तांदूळ, पाणी आणि मीठ."

"बस? एवढंच?"

"एवढंच," लक्ष्मी म्हणाली.

त्याच रिकाम्या शेगडीवर मी चढलो. कोंडीरामने या वेळी वास घेतला नाही. लक्ष्मीने पेज पानावर वाढली, त्या दिवशी फाटकावरून आत येऊ दिलेला सुका बांगडा भाजून शेजारी ठेवला आणि पान शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. कावळा लगेच आला. माणसं समाधानाने म्हणाली, गेला बिचारा तृप्त होऊन.

मित्रांनो, कावळा शिवला नाही तर आपण हात जोडून विचारतो, बाबा, काय राहिलं, काय हवं? एकेक पदार्थ आठवून पानावर ठेवतो. मेलेल्याची आवड जपायची एवढी चांगली रीत आपल्याकडे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी वाढायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा पळी हातात घेण्याआधी समोरच्याला विचारा, घट हवी की पातळ. त्याला भूक आहे तोवरच विचारा.