उरलेली पाळी

वेठ बंद झाली म्हनून गावात दवंडी मीच देवविली होती. रझाकार गेले, हैद्राबाद हिंदुस्तानात आलं, अन् बोथच्या तहसिलीतून कागद आला का सरकारी कामाले आता कोनाले फुकटात धरून न्याचं नाई. मी पोलीस पाटील. कागद वाचला, दवंडी देली. पन कोन्त्या घरानंतर कोन्त्या घराची पाळी, हे मले तोंडपाठ होतं, ते डोक्यातून कसं जाईल? सुंभ जळते पन पीळ जळत नाई म्हन्तात, ते माह्यासारख्यालेच.

सात वर्सांनी डॉक्टर आले. सुधाकरराव नाव, औरंगाबादेकडचे, बोलनं गोड. थंडीतापाची नवी गोळी निघाली होती, ती किती लागू पडते हे त्यायले पाहाचं होतं. त्यासाठी सहा धडधाकट मानसं पाह्यजे होती. त्यायले आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवाचं, तापाच्या मानसाचं रगत पेलेले डास मुद्दाम चावू द्याचे, ताप आला का गोळी द्याची. डॉक्टरानं काई लपवलं नाई, देवाशपथ सांगतो. ताप येईल म्हनले, एखाद्याच्या जिवावरही बेतू शकते म्हनले. ज्याची खुशी असेल तोच द्या, असं दोनदा बजावलं.

आता तुमीच सांगा, सरकारी मानूस खुशी म्हन्ते तवा ती खुशी कोनाची अस्ते? माह्या बापाच्या काळापासून आमी साहेबाच्या दौऱ्याले खुशीनंच गाड्या देल्या, खुशीनंच कोंबड्या देल्या. मी बोटावर घरं मोजली अन् सहा नावं सांगतली. सहावा फकिरा. त्याले म्हनलं, तुह्या घराची पाळी हाय, तीनेक आठवडे ऱ्हा लागते, डास चावतील. जिवाचं बोललो नाई. तो हासला. म्हने, इथं का चावत नाईत?

दवाखान्यात डॉक्टरानं एकेकाले पुसलं, खुशीनं आला का म्हनून. पाच जनांनी माह्या तोंडाकडं पाह्यलं, मान हालवली, अंगठा उठवला. फकिरा घुटमळला. टेबलावर काचेची बरनी होती, तोंडाले जाळी बांधलेली, आत डास. ते हातावर उपडी धरनार होते. तो बरनीकडं पाहून राह्यला होता. म्हने, ज्वारी काढनीले आली, घरी मनकर्णा एकटी हाय. मनकर्णा म्हंजे त्याची बायको. डॉक्टरानं मले व्हरांड्यात बोलावलं.

"पाटील, तो घाबरलाय. मला तो बोलायचा नाही, तुम्ही सांगा. नको असेल तर आत्ता उठून घरी जा म्हणावं. कोणी काही करणार नाही."

मी आत गेलो. माह्या डोक्यात एकच किडा. पाचच मानसं देली म्हंजे साहेबासमोर गावाचं नाक गेलं.

"फकिरा," मी म्हनलं, "तू उठून गेला त पाळी पुढच्या घरावर जाते. पुढचं घर तुह्या भावाचं हाय."

त्यानं अंगठा उठवला.

पाच जन बरे होऊन घरी आले. फकिराचा ताप डोक्यात चढला. गोळी देली, सुया देल्या, डॉक्टर उशाशी बसून होते, पन तो काई शुद्धीवर आला नाई. त्याले बैलगाडीत आनलं. तेरवीच्या दिवशी मनकर्णा माह्या ओट्याशी आली अन् पुसलं, त्याले नाई म्हनता आलं असतं का? मी म्हनलं, नाई वं, सरकारी पाळी होती. तिनं डोळे पुसले अन् गेली. मी मनाशी म्हनलं, बरं केलं, नशिबात होतं असं तिले वाटंल. कशाचं बरं? मी माही कातडी वाचवली होती.

पुढच्या वर्सी राज्यच मोडलं. मराठवाडा मुंबईकडं गेला, आमी आंध्रात. डॉक्टरची बदली तिकडं झाली. जायच्या आधी मनकर्णाले भेटावं म्हनून ते गावात आले, माह्या ओट्यावर बसले. निरोप धाडाचाही राह्यला होता, तं तीच आली. गाडी पाह्यली असंल तिनं. नवं लुगडं नेसलेली, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"पाटील," ती म्हनली, "त्याची पाळी अर्धीच राह्यली. मी पुरी कराले आली. दिराले लहान लेकरं हायेत, त्याच्यावर नोका टाकू."

डॉक्टरले काईच समजेना. कोन्ती पाळी, ते मले पुसू लागले. चूप राह्यलो असतो, त ते दोन गोड शब्द बोलून निघून गेले असते, अन् ती जल्मभर पाळीच समजली असती. पन भाकरी बांधून आलेल्या बाईसमोर खोटं बोलाचं बळ मले राह्यलं नाई.

"मनकर्णा, पाळी नव्हतीच," मी म्हनलं. "डॉक्टर त्याले घरी जा म्हन्त होते. मी सांगतलं नाई."

तिनं डॉक्टरकडं पाह्यलं. त्यायनं मान खाली घातली.

"म्हंजे त्याले घरी येता येत होतं," ती म्हनली.

मी हो म्हनलं. तिनं भाकरी ओट्यावर ठेवल्या अन् आल्या वाटेनं घरी गेली.